मोशीचा धनुर्धर

अमेरिकेत दोन-चार वर्षं काढून पिंपरी-चिंचवडला परतलेल्या माणसांचे ठरावीक प्रकार आहेत. कुणी नळाचं पाणी पिणं सोडतो. कुणी सोसायटीच्या मीटिंगमध्ये ओला कचरा आणि सुका कचरा या विषयावर पाऊण तास बोलतो. कुणी नाशिक फाट्यावर लेन पाळू बघतो आणि मागच्या टेम्पोवाल्याकडून आपल्या खानदानाविषयी नवी माहिती मिळवतो. आमचा मेहुणा कोलोरॅडोहून मोशीला परतला तो डोक्यात एल्क घेऊन.

एल्क हा आपल्या सांबराच्याच गोतातला, पण बराच धिप्पाड प्राणी. पूर्ण वाढलेला नर ३००-३५० किलो सहज भरतो. डोक्यावर फांद्याफांद्यांची शिंगं; हिवाळा सरता सरता ती गळतात आणि मग पुन्हा पहिल्यापासून उगवतात. राहायला रॉकी पर्वतात आणि मेहुण्याच्या तोंडात. मेहुण्याने एल्क मारलेला नाही. डेन्व्हरच्या ऑफिसातला एक सहकारी त्याला एकदा बरोबर घेऊन गेला होता, तेव्हा याच्याकडे काम होतं सामान वाहण्याचं. एल्क दिसला तो समोरच्या डोंगरावर, पाठमोरा, चालू लागलेला. तेवढ्या दर्शनावर गडी नादावला. बाकीचं ज्ञान त्याने रात्री जागून व्हिडिओ बघून कमावलं, आणि ते आमच्याकडे जेवायला आला की तो ताटावर वाढतो.

त्याचं म्हणणं असं, की एल्क मारायचा तर तो धनुष्यबाणाने, आणि तोही हंगामाच्या शेवटी. सप्टेंबर ही एल्कची लग्नसराई. तेव्हा नर स्वतःच डोंगर दणाणून सोडतात. आधी खर्जात घोगरा आवाज, मग तो चढत चढत शिट्टीसारखा टिपेला जातो आणि शेवटी दोन-चार हुंदके. शिकाऱ्याने तसाच आवाज काढला की हा कोण आगंतुक म्हणून नर तावातावाने समोर येतो. "त्यात काय मोठं, दाजी?" मेहुणा म्हणतो. "तो सोपा पेपर. खरी परीक्षा थंडीत."

थंडीत काय होतं, तर लग्नसराई संपलेली असते आणि नराची पार रया गेलेली असते. वजन उतरलेलं, अंगावर मारामारीच्या खुणा. माद्यांचा कळप सोडून तो एकटा, नाही तर आपल्यासारख्याच दोन-तीन दमलेल्यांना घेऊन, जिथे माणूस सहसा चढणार नाही अशा उभ्या कड्याला जाऊन बसतो. कुणाच्या हाकेला ओ देत नाही. उजाडताना आणि मावळताना जरा चरतो, बाकी वेळ झाडीत पडून. शिवाय एव्हाना जे शहाणे तेवढेच उरलेले. शिकाऱ्याने दुर्बिणीतून त्याला हेरायचं, बर्फातून वर चढायचं, वारा सतत आपल्या तोंडावर येईल असं बघायचं, पायाखाली बर्फाचा पापुद्रा करकरू द्यायचा नाही, आणि चाळीस यार्डांच्या आत जायचं. चाळीस यार्ड म्हणजे छत्तीस-सदतीस मीटर. यासाठी बाहेरच्या राज्यातल्या माणसाने परवान्याला ७०० डॉलरच्या वर मोजायचे आणि बहुतेक वेळा रिकाम्या हाताने घरी यायचं.

हे वर्णन ऐकून आमच्या घरातली बाकीची मंडळी गार झाली. मला मात्र सगळं ओळखीचं वाटलं. भोसरी एमआयडीसीत माझं छोटं मशीनिंगचं वर्कशॉप आहे, आणि मार्च महिन्यात थकलेली बिलं वसूल करायला चाकणला जाणं हा माझ्या धंद्याचा भाग आहे. ऑक्टोबरात दिवाळीच्या आधी परचेसवाले स्वतःहून दणाणत असतात: माल कुठाय, गाडी निघाली का, लाइन थांबेल. तेव्हा त्यांना शोधावं लागत नाही. मार्चमध्ये तीच माणसं मुकी होतात. अकाउंट्सचा प्रमुख तिसऱ्या मजल्यावर, कार्ड लावल्याशिवाय न उघडणाऱ्या दारामागे सरकतो. उजाडताना गाडी लावताना आणि मावळताना गाडी काढताना तेवढा उघड्यावर दिसतो. रिसेप्शनला आपण बसल्याचा वास त्याला लागला, की तो मागच्या गेटने गेलाच. लघुउद्योगाचे पैसे पंचेचाळीस दिवसांत चुकते करावेत असा २००६ चा कायदा आहे आणि तो माझ्याकडे लॅमिनेट करून ठेवलेला आहे. पण परवाना खिशात असला म्हणून एल्क समोर येऊन उभा राहतो असं कोलोरॅडोतही होत नाही.

मेहुण्याला ही तुलना अजिबात आवडली नाही. "दाजी, त्यात निसर्ग कुठे आहे?" असं त्याने विचारलं. तळेगाव-चाकण रस्त्यावर त्याने संध्याकाळी सहा वाजता गाडी घालून बघावी. १६६० मध्ये शाहिस्तेखानाला चाकणचा संग्रामदुर्ग घ्यायला जवळपास दोन महिने लागले, फिरंगोजी नरसाळ्याने त्याला तेवढं झुंजवलं. आज खान तळेगाव चौकाच्या कोंडीतून आला असता तर फिरंगोजीला तटावर चढायचीसुद्धा गरज पडली नसती.

मग धनुष्य आलं. लाखाच्या घरातलं कंपाउंड धनुष्य. काठी आणि दोरी एवढंच ज्याला ठाऊक, त्याला ते धनुष्य वाटणारच नाही. मिझुरीतल्या हॉलेस विल्बर ॲलन नावाच्या गृहस्थाने ते शोधलं आणि १९६९ मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. दोन्ही टोकांना कप्प्या, त्याही गोल नव्हेत तर लंबुळक्या, केंद्र सोडून बसवलेल्या, म्हणजेच कॅम. ओढायला सुरुवात केली की सत्तर पाउंडांचा, म्हणजे बत्तीस किलोंचा जोर लागतो, पण पूर्ण ताणलं की कॅम फिरतो आणि हातावर सहा-सात किलोच राहतात. त्यामुळे हात न थरथरता नेम धरून उभं राहता येतं. ही युक्ती मला मनापासून आवडली. जगातली सगळी ओझी पूर्ण ताणल्यावर अशी हलकी झाली असती तर काय पाहिजे होतं!

कौतुकाने मी ते मेहुण्यासकट वर्कशॉपवर नेलं. आमच्या मिस्त्रींनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला, कॅमवरून अंगठा फिरवला, नख लावलं, कडा उजेडाकडे धरली. सगळे गप्प. "मटेरियल ॲल्युमिनियम, चांगल्यातलं," ते म्हणाले. "व्हीएमसीवर मारलंय. फिनिश बरं आहे. पण इथं आतल्या बाजूला बर काढलेली नाही." अमेरिकेच्या कॅमची बर, म्हणजे कापताना कडेला राहिलेली कूस, काढायची राहून गेली आहे हे ऐकून वर्कशॉपमधल्या दोन्ही पोरांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. मग मिस्त्रींनी धनुष्य मेहुण्याच्या हातात परत देत विचारलं, "याची क्वांटिटी काय आहे?" एकच आहे म्हटल्यावर त्यांचा रस संपला. एका नगासाठी सेटिंग कोण करणार?

सराव सुरू झाला सोसायटीच्या गच्चीवर. एका टोकाला थर्माकोल आणि फोमचा एल्क, दुसऱ्या टोकाला मेहुणा. महिना मार्चचा, म्हणजे गच्चीवर कुरडयांचाही हंगाम. एक बाण एल्कच्या पोटाखालून निघून गेला आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या जुन्या धोतरावर पसरलेल्या कुरडयांमध्ये उभा राहिला. काकू वर आल्या, बाण उपसला आणि तो घेऊन थेट सेक्रेटरींच्या दारात गेल्या. संध्याकाळी लिफ्टमध्ये सूचना लागली: "गच्चीचा वापर वाळवण व टाकीदुरुस्ती याव्यतिरिक्त अन्य शस्त्रांसाठी करू नये." पुढच्या मीटिंगला मेहुणा तयारीने गेला. साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ मध्ये बर्लिनला, वयाच्या सतराव्या वर्षी, याच कंपाउंड धनुष्यावर जगज्जेती झाली. त्याच दिवशी नागपूरचा ओजस देवतळे पुरुषांमध्ये जगज्जेता झाला. दोघंही साताऱ्यात एकाच गुरूकडे, प्रवीण सावंतांकडे शिकलेले. आणि पन्नास मीटरवर त्यांचं दहा गुणांचं वर्तुळ असतं जेमतेम आठ सेंटिमीटरचं. हे सगळं त्याने आवाज चढवून सांगितलं. सेक्रेटरींनी ते इतिवृत्तात लिहून घेतलं आणि पुढे लिहिलं, "त्यांच्या सरावात कुणाच्या कुरडयांचं नुकसान झाल्याचं ऐकिवात नाही."

त्यामुळे सराव डोंगरावर गेला. नुसता चढायचा, वाऱ्याचा आणि आवाजाचा. धनुष्य घरी ठेवून. कारण भंडारा डोंगर म्हणजे तुकोबांची जागा, तिथे बाण घेऊन गेलं तर सोसायटीच्या सूचनेवर भागणार नाही. उजाडायच्या आत आम्ही पायथ्याला. मेहुण्याचा पोशाख नखशिखान्त झाडपाल्याच्या छपाईचा. खिशात पावडरची छोटी बाटली. पहाटे थंड हवा डोंगरावरून खाली वाहते, ऊन तापलं की तीच वर चढायला लागते, हे शिकाऱ्याला सतत तपासावं लागतं. म्हणून बाटली दाबायची, पावडरचा फुसकारा सोडायचा आणि तो कुठे जातो ते बघायचं. त्याने फुसकारा सोडला. खालून एमआयडीसीच्या फाउंड्रीचा, कुठल्याशा पेंट शॉपचा आणि कुणीतरी पेटवलेल्या पाचटाचा असा एकत्र वास आला. वाऱ्याची दिशा कळायला पावडर लागलीच नाही. तेवढ्यात मागून एक वयस्क माळकरी बाबा चढत आले. त्यांनी बाटली बघितली, थांबले, टोपी मागे सारून कपाळ पुढे केलं आणि म्हणाले, "लावा." मेहुण्याने निमूटपणे बोटावर पावडर घेऊन त्यांच्या कपाळी टेकवली. बाबांनी बोट फिरवून बघितलं. "बुक्का पांढरा कधीपासनं यायला लागला?" एवढं बोलून ते "रामकृष्ण हरी" म्हणत पुढे गेले.

वर पोहोचल्यावर मेहुण्याने एल्कची हाक घातली. टाळूला रबराचा पडदा, तोंडाला नळी. खर्ज ठीक लागला, टीप फाटली. उत्तरादाखल खालच्या वाडीतली सगळी कुत्री उठली, पाठोपाठ मोर ओरडले, आणि मघाच्या माळकरी बाबांनी कठड्यावर बसल्या बसल्या शांतपणे सांगितलं, "गळा बरा आहे. काकड्याला येत जा. सूर लागंल."

आता कायद्याचं. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे आणि त्याने शिकारीला पूर्णविराम दिला आहे. त्याआधी हौसेला मोल नव्हतं. कोल्हापूर दरबार चित्ते पाळून त्यांच्याकडून काळविटांची शिकार करवत असे, आणि दाजीपूरचं जंगल हे संस्थानचं राखीव शिकारीचं रान होतं. आज ते अभयारण्य आहे. चाकणपासून फार लांब नसलेल्या भीमाशंकरच्या अभयारण्यात सांबर आहे, पण त्याच्या वाटेला गेलं तर तीन ते सात वर्षं आत राहून पुढच्या हंगामाची वाट बघावी लागते. हे मेहुण्यालाही पटतं. त्याचं दुःख वेगळंच आहे: "दाजी, आपल्याकडे तो थरारच उरलेला नाही हो. सगळीकडे पत्र्याच्या शेड."

हे तो चाकणच्या पट्ट्यात बसून म्हणतो. २०२२ च्या मार्चमध्ये, सगळ्या कारखान्यांत मार्चएंडची धावपळ चाललेली असताना, चाकणच्या मर्सिडीझ-बेंझच्या प्रकल्पात सकाळी एक बिबट्या आला. सुमारे शंभर एकरांचा तो प्रकल्प. कामगारांना बाहेर काढलं, काम थांबलं, वनखात्याचे लोक आले आणि जुन्नरजवळच्या माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातून वाइल्डलाइफ एसओएसची तुकडी आली. काही तासांनी बिबट्याला बेशुद्ध करून सुखरूप नेलं. दोन-तीन वर्षांचा नर होता.

या कामात काय काय येतं ते जरा बघा. जनावर बिथरलेलं आणि आडोशाला. त्याला हेरायचं. आवाज न करता जवळ जायचं, कारण बेशुद्धीची सुई लांबून चालत नाही. नजरेच्या अंदाजाने वजन ठरवायचं, त्यावर औषधाची मात्रा. कमी पडली तर अंगावर येणार, जास्त झाली तर जिवावर बेतणार. मांडीच्या नाही तर खांद्याच्या जाड मासात सुई बसवायची. आणि मग सगळ्यात अवघड भाग: औषध चढेपर्यंत काहीही न करता गप्प थांबायचं, तेही कुंपणापलीकडे शेकडो मोबाइल उंचावलेले असताना. एवढं करून भिंतीवर लावायला शिंगं मिळत नाहीत. जनावर चालतं-बोलतं परत गेलं पाहिजे, तरच नेम बरोबर.

आमच्या मिस्त्रींना या प्रकरणात एकाच गोष्टीची उत्सुकता होती. आत येताना त्याला कुणी अडवलं नाही हे समजू शकतो, पण पिंजऱ्यातून बाहेर नेताना गेटपास कुठला फाडला असेल? परत येणारा माल, म्हणजे आरजीपी, की परत न येणारा, म्हणजे एनआरजीपी? चाकणमध्ये काम केलेल्या माणसाला ठाऊक आहे की गेटवरच्या सिक्युरिटीला बिबट्या दिसला तर तो एकवेळ सोडेल, पण कागदाशिवाय साधा जिग बाहेर सोडणार नाही.

बिबट्या मार्चमध्येच का आला असेल, याचा माझा एक तर्क आहे. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या तालुक्यांतला बिबट्या आता जंगलापेक्षा उसात जास्त राहतो. तिथे आडोसा आहे, पाणी आहे, वस्तीवरची कुत्री आणि शेळ्या आहेत. माद्या पिल्लं उसातच घालतात. दिवाळीच्या सुमाराला गाळप सुरू होतं, तोडणीच्या टोळ्या फडामागून फड मोकळे करत जातात, आणि मार्च उजाडेपर्यंत उरलेल्या थोड्या उसात सगळ्यांची दाटी होते. तोडताना पिल्लं सापडली तर वनखात्याचे लोक ती संध्याकाळी त्याच जागी खोक्यात ठेवतात, रात्री आई येऊन घेऊन जाते. ज्याला मेहुणा उशिराचा हंगाम म्हणतो तो इथे साखर कारखाना ठरवतो.

मिस्त्रींचे चुलते खेड तालुक्यातच राहतात, भामा नदीच्या अंगाला. मेहुण्याला ऊस दाखवायला आम्ही तिकडे गेलो. मेहुण्याने सगळा सरंजाम अंगावर चढवलेला: झाडपाल्याची विजार, जाकीट, दुर्बीण, माणसाचा वास मारायचा फवारा. चुलते बनियनवर, खांद्यावर टॉवेल, पायात स्लीपर. वीज शेतीला पाळीपाळीने येते, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री; तो आठवडा रात्रपाळीचा होता. त्यामुळे मोटर चालू करून दारं धरायला चुलते रात्री अकराला निघणार होते. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात फावडं, बनियनच्या खिशात मोबाइलवर मोठ्यांदा भजन. मध्येच खाकरायचं. "त्याला कळाया पायजे आपण आलोय," ते म्हणाले. "त्याला कळलं नाही तर घोटाळा."

मेहुण्याने त्यांना एल्कची सगळी पद्धत समजावून सांगितली. वारा, वास, आवाज, चाळीस यार्ड. चुलत्यांनी एकूण एक ऐकून घेतलं.

"चाळीस यार्ड म्हंजी?"

"इथून त्या विहिरीपर्यंत."

चुलते विहिरीकडे बघत राहिले. "एवढ्या लांबनं?" ते म्हणाले. "आमचा तर गोठ्याच्या मागं बसतो."

गावात त्याला बिबट्या म्हणत नाहीत, वाघच म्हणतात. या भागात वाघाने माणसंही नेली आहेत, त्यामुळे चुलत्यांच्या स्लीपरवर आणि भजनावर मी जास्त काही लिहिणार नाही. थराराविषयी मेहुणाही त्यानंतर गप्प होता. फक्त शेवटी चुलत्यांनी विचारलं, की बाबा रे, साडेतीनशे किलोचं जनावर त्या कड्यावर मारल्यावर खाली कोण आणतं? मेहुणा म्हणाला, स्वतःच. तुकडे करून, पाठीवर घालून, पाच-सहा खेपा, कधी कधी दोन दिवस. चुलत्यांनी मिस्त्रींकडे बघितलं. "पैसे देऊन हमाली?" आपल्याला नीट ऐकू आलंय ना, एवढीच त्यांनी खात्री करून घेतली.

निघताना मेहुण्याला काय वाटलं कोण जाणे, अंगातलं ते भारी जाकीट काढून त्याने चुलत्यांना भेट दिलं. रात्रीच्या गारठ्याला होईल म्हणाला. चुलत्यांनी ते उलटंसुलटं करून बघितलं, चेन दोनदा वरखाली केली आणि ठेवून घेतलं.

पुढे मिस्त्रींच्या मोबाइलवर त्यांचा फोन आला, तो मिस्त्रींनी आमच्यासमोर स्पीकरवर लावला. भुईमुगात रानडुकरं फार शिरायला लागली म्हणून चुलत्यांनी जाकीट बुजगावण्याला घातलं होतं.

"पाव्हण्यास्नी सांग, जाकीट परत घिऊन जा," पलीकडून आवाज आला. "डुकरं त्याच्या पायाशी बसून शेंगा खात्यात. त्यास्नी ते दिसतच न्हाई. तुमच्या कंपनीत ती पोरं चमकणारं पिवळं जाकीट घालत्यात बघ पट्ट्यापट्ट्याचं, त्यातलं एखादं मिळंल का?"

मिस्त्रींनी स्टोअरला चिठ्ठी लिहिली. आरजीपी.